वाहनघराचा कोबा : लेपापूर्वी ओलीची परीक्षा

वसई भागातील बागाईतदाराच्या घराशेजारी पूर्वी बैलगाडीचा मांडव असे. त्याची जमीन मातीची असे व ती चोपून, शेणाने सारवून घेतली की काम भागत असे. आज त्याच जागी पक्क्या भिंतींचे वाहनघर उभे राहिले आहे. मोटारसायकल, भाजी व फुले बाजारात नेणारा टेम्पो, फवारणीचा पंप, डिझेल इंजिन आणि खताच्या गोणी हा सारा संसार त्यात एकत्र नांदतो. जमीन अर्थातच सिमेंटच्या कोब्याची असते. हा कोबा टिकावा म्हणून त्यावर रंग किंवा अन्य संरक्षक लेप देण्याकडे आता पुष्कळांचा कल आहे. हा कल स्वागतार्ह आहे. परंतु पुरेशी माहिती न घेता दिलेला लेप पहिल्याच पावसाळ्यात फुगतो व पापुद्र्यासारखा सुटतो. ज्याचा पैसा वाया जातो तो रंगास दोष देतो. वास्तविक दोष बहुधा रंगाचा नसून कोब्याखालील ओलीचा असतो. यास्तव लेप कोणता घ्यावा हे ठरविण्यापूर्वी ओल कशी तपासावी आणि नंतर लेप कसा द्यावा, याची माहिती येथे दिली आहे.

लेपाची गरज का भासते?

सिमेंटचा कोबा दगडासारखा कठीण दिसला तरी तो आतून सच्छिद्र असतो. त्यावर सांडलेले तेल व डिझेल आत मुरते आणि मग धुऊन निघत नाही. वरचा थर कमकुवत असेल तर चाकांच्या घर्षणाने त्याची पूड होऊन धूळ उडते व ती इंजिनात आणि धान्यात जाते. गाडीच्या बॅटरीतील गंधकाम्ल सिमेंटला खाऊन टाकते. अमोनियम सल्फेटसारखे खत ओलसर कोब्यावर सांडून राहिले तर तेही कोबा पोखरते. पोटॅशच्या खतातील क्लोराईड कोब्यातील लोखंडी सळईस गंज आणते. म्हणजे वाहनघरात जे जे ठेवले जाते, त्यांपैकी पुष्कळ वस्तू कोब्याच्या शत्रूच होत. लेपाचे काम या शत्रूंना वरच थोपविण्याचे आहे. मात्र कोब्याचा आणखी एक शत्रू खालून येतो आणि वरचा लेप त्याला थोपवू शकत नाही.

पापडीची जमीन आणि पावसाळ्याचे पाणी

पापडी हे वसई रोड रेल्वे स्थानकाकडून वसईच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या मार्गावरील जुने गाव. २००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत ते आज मोडत असले तरी त्याच्या भोवतालच्या भूमीची प्रकृती बदललेली नाही. पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी आणि उत्तरेस वैतरणा नदी यांच्यामधील हा सखल प्रदेश आहे. येथील वाड्यांतून शिंपण्यासाठी राखलेली बावखले आणि उथळ विहिरी याच गोष्टीची साक्ष देतात की, जमिनीखालचे पाणी फार दूर नाही. जे पाणी केळीच्या व पानवेलीच्या वाड्यांना जीवन देते, तेच पाणी वाहनघराच्या कोब्याखालीही असते.

मृगापासून पाऊस लागला की हे पाणी वर चढू लागते. आषाढ-श्रावणात बावखले काठोकाठ भरतात. दिव्याच्या वातीतून तेल जसे वर चढते, तसे जमिनीतील पाणी मातीतून आणि कोब्याच्या सूक्ष्म छिद्रांतून वर येते व वाफ होऊन उडून जाते. उघडा कोबा अशा रीतीने श्वास घेत असतो, म्हणून ही ओल आपल्या लक्षात येत नाही. परंतु त्याच कोब्यावर जाड, हवाबंद लेप दिला तर वाफेची वाट बंद होते. ओल लेपाखाली साचते व लेपाची पकड सुटू लागते. किनाऱ्यालगतच्या जमिनीत या पाण्याबरोबर क्षारही असतात. पाणी उडून गेले की क्षारांचे खडे मागे राहतात आणि वाढता वाढता ते लेपास खालून उचलतात. भिंतीच्या पायथ्याशी लोणा लागून गिलावा जसा झडतो, तसाच हा प्रकार होय.

वसईच्या किल्ल्यातील जुन्या बांधकामाकडे पाहिले तरी यातील मर्म कळते. तेथे चुन्याचा उपयोग केलेला आहे. चुना ओल आत कोंडून ठेवीत नाही, तिला बाहेर जाऊ देतो. नव्या काळातील लेपांत हा गुण सर्वांत नाही. म्हणून निवड डोळसपणे करावी लागते.

ओलीची परीक्षा केव्हा व कशी करावी?

ही परीक्षा अत्यंत सोपी असून तिला जवळजवळ खर्च नाही. पारदर्शक व जाड प्लॅस्टिकचे ४५ सेंटिमीटर लांब व तितकेच रुंद असे तीन तुकडे घ्यावेत. कोबा झाडून व कोरड्या फडक्याने पुसून एक तुकडा मध्यभागी, दुसरा भिंतीलगत आणि तिसरा सर्वांत सखल जागी ठेवावा. चारही कडा रुंद चिकटपट्टीने अशा बंद कराव्यात की, आत हवा शिरू नये. निदान १६ तास, शक्य तर पूर्ण २४ तास ते तसेच राहू द्यावेत. नंतर तुकडा उचलून पाहावा. प्लॅस्टिकच्या खालच्या अंगास पाण्याचे थेंब दिसले, किंवा त्याखालील कोबा भोवतालच्या कोब्यापेक्षा काळसर पडलेला दिसला, तर ओल खालून येत आहे असे समजावे. प्लॅस्टिकच्या वरच्या अंगावरील थेंब हवेतील दमटपणामुळे आलेले असतात. त्यांचा येथे विचार करू नये.

पुष्कळदा ही परीक्षा रंगकाम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे माघ-फाल्गुनात केली जाते. त्या वेळी विहिरी खाली गेलेल्या असतात. कोबा कोरडा निघतो व मालक निर्धास्त होतो. परंतु फाल्गुनातील कोरडा कोबा आषाढातील पाण्याबद्दल काहीच सांगत नाही. सबब ही परीक्षा भाद्रपदात, बावखले भरलेली असताना करावी, आणि लेप मात्र थंडीत कोबा सुकल्यावर द्यावा. परीक्षा ओल्या ऋतूत आणि काम कोरड्या ऋतूत, हा नियम शेतकरी बंधूंनी पक्का लक्षात ठेवावा.

लेपांचे निरनिराळे प्रकार

(१) साधा तेलरंग : दारे-खिडक्यांस देण्याचा हा रंग कोब्यासाठी मुळीच घेऊ नये. सिमेंटमधील चुन्याच्या अल्कलीमुळे त्यातील तेलाचा साबण होतो व रंग मऊ पडून सुटतो.

(२) डांबर : डांबर पाण्यास अडविते, परंतु डिझेल, पेट्रोल व वंगणाचे तेल यांत ते विरघळते. जेथे वाहन उभे राहते तेथे त्याचा उपयोग नाही.

(३) रेड ऑक्साइडचा तांबडा कोबा : जुन्या घरांतून हा कोबा सर्वांच्या परिचयाचा आहे. लोहाचे ऑक्साइड सिमेंटमध्ये मिसळून तो घोटला जातो. दिसावयास सुंदर व श्वास घेणारा असला तरी तेल मुरण्यापासून तो फारसे रक्षण करीत नाही. मेण लावून चकचकीत केल्यास तेल सांडताच पाय घसरतो.

(४) सोडियम सिलिकेट : काकवीसारखे दाट असलेले हे द्रव्य पाण्यात मिसळून कोब्यास पाजतात. कोब्यातील मोकळ्या चुन्याशी त्याचा संयोग होऊन छिद्रांत कठीण सिलिकेट तयार होते. कोब्याचा पृष्ठभाग घट्ट होतो व धूळ उडणे कमी होते. हा वरून चढविलेला पापुद्रा नसल्याने तो सुटण्याचा प्रश्न येत नाही. अम्लापासून मात्र तो रक्षण करीत नाही व खालची ओलही थांबवीत नाही.

(५) एपॉक्सी : राळ आणि तिला कठीण करणारे द्रव्य असे याचे दोन डबे असतात. दोन्ही एकत्र मिसळताच रासायनिक क्रिया सुरू होऊन कठीण थर तयार होतो. तेल, डिझेल, खत आणि सौम्य अम्ले यांना तो उत्तम दाद देत नाही. ओलीच्या बाबतीत मात्र तो नाजूक आहे. सतत ऊन लागल्यास तो पिवळा पडतो व त्याची भुकटी होऊ लागते. म्हणून दारालगतच्या उन्हाच्या पट्ट्यावर पॉलियुरेथेनचा वरचा हात द्यावा. एकाच डब्यात मिळणारा व नुसते ‘एपॉक्सी’ असे नाव असलेला रंग दोन डब्यांच्या एपॉक्सीइतका टिकाऊ नसतो, हेही ध्यानात घ्यावे.

कोणता लेप निवडावा?

निवडीचा निर्णय ओलीच्या परीक्षेवरून करावा, रंगाच्या चकाकीवरून करू नये. भाद्रपदातील परीक्षेत तिन्ही जागा कोरड्या निघाल्या, जोते उंच आहे आणि पुराचे पाणी आत शिरत नाही, तर एपॉक्सीवर खर्च करण्यास हरकत नाही. एखाद्या जागी जरी ओल दिसली तरी सोडियम सिलिकेटवर समाधान मानावे; बॅटरी व खते यांच्याखाली प्लॅस्टिकचा ट्रे किंवा लाकडी फळ्या ठेवून उरलेले रक्षण साधावे. जेथे दरवर्षी पाणी शिरते तेथेही हाच मार्ग बरा. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई परिसरातील सखल वस्त्यांत पाणी साचून राहिले होते, हे विसरता येणार नाही. नख किंवा खिळा ओढल्यावर ज्या कोब्याची पूड निघते, त्यावर कोणताही लेप टिकणार नाही. तेथे लेपाचे पैसे राखून कोबाच नवा करणे शहाणपणाचे ठरते.

कोबा नवा करावयाचा झाल्यास दगडाच्या सोलिंगवर रेतीचा पातळ थर पसरून त्यावर २५० मायक्रॉन जाडीचा पॉलिथिनचा कागद अंथरावा. जोडावर कागद एकमेकांवर निदान १५ सेंटिमीटर चढवावा व भिंतीलगत वर वळवून घ्यावा. कोबा त्यावर घालावा. दाराकडे पाणी वाहून जाईल इतका ढाळ ठेवावा. समुद्राची रेती वापरू नये. तिच्यातील मीठ कोब्यात कायमचे राहते. कोब्यावर निदान १० दिवस पाणी राखावे आणि लेप देण्यापूर्वी २८ दिवस पूर्ण होऊ द्यावेत. कागदाचा हा लहानसा खर्च पुढील सर्व लेपांचे आयुष्य वाढवितो.

कोब्याची पूर्वतयारी

लेपाचे निम्मे यश पूर्वतयारीत असते. प्रथम वाहन व सामान बाहेर काढावे. ताज्या तेलावर लाकडाचा भुसा पसरून ते शोषून घ्यावे. जुने डाग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने व तारेच्या ब्रशाने पुन्हा पुन्हा घासावेत. नंतर कोब्यावर पाण्याचे थेंब टाकून पाहावे. थेंब मिनिटाभरात मुरले तर जागा स्वच्छ झाली. ते अळवावरील पाण्यासारखे वर तरंगत राहिले तर तेल अद्याप आत आहे असे समजून पुन्हा धुवावे.

गुळगुळीत घोटलेल्या कोब्यावर एपॉक्सी पकड घेत नाही. त्याचा पृष्ठभाग बारीक पॉलिशकागदाइतका खरखरीत करावा लागतो. यासाठी घासण्याचे यंत्र भाड्याने आणणे सर्वांत चांगले. यंत्राची धूळ फुफ्फुसांस अपायकारक असल्याने नाका-तोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी. यंत्र न मिळाल्यास बाजारातील हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा १ भाग ४ भाग पाण्यात मिसळून कोबा धुवावा. अ‍ॅसिड नेहमी पाण्यात ओतावे, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीही ओतू नये. बुडबुडे थांबल्यावर भरपूर पाण्याने धुऊन, सोड्याचे पाणी फिरवून पुन्हा स्वच्छ धुवावे. हे पाणी बावखलात किंवा विहिरीकडे जाऊ देऊ नये. भेगा छिनीने थोड्या रुंद करून एपॉक्सीच्या लगद्याने भराव्यात. त्यानंतर कोबा दोन-तीन दिवस वाळू द्यावा व प्लॅस्टिकची परीक्षा एकवार पुन्हा करून पाहावी.

एपॉक्सी किती लागेल?

डब्याची किंमत पाहून खरेदी केल्यास फसगत होते. डब्यातील सर्व द्रव जमिनीवर राहत नाही. पाणी किंवा थिनर उडून जातो व फक्त घन भाग उरतो. १ लिटर घन भाग १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतक्या जाडीने पसरला, तर १० चौरस मीटर जागा व्यापतो. वाहनघर ३ मीटर रुंद व ६ मीटर लांब असेल तर क्षेत्र १८ चौरस मीटर झाले. दोन हातांत मिळून २०० मायक्रॉनचा थर हवा असेल तर ३.६ लिटर घन भाग लागेल. डब्यावर घन भाग आकारमानाने ५० टक्के असे लिहिले असल्यास ७.२ लिटर रंग आणावा लागेल, आणि थोडी नासाडी धरून ८ लिटर. १०० टक्के घन भागाचे द्रव्य असेल तर सुमारे ४ लिटर पुरे होते. दोन दुकानांतील भावांची तुलना या हिशेबाने करावी, म्हणजे स्वस्त डबा खरोखर स्वस्त आहे की नाही ते उमगेल.

लेप देण्याची रीत

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळचे दव सुकल्यावर, साधारण दहाच्या सुमारास काम सुरू करावे व सायंकाळी हवा दमट होण्यापूर्वी संपवावे. दोन्ही डब्यांचे प्रमाण अंदाजाने न घेता मापून घ्यावे आणि तळापासून नीट ढवळावे. प्रमाण चुकले तर थर कायमचा चिकट राहतो. मिश्रण तयार झाले की ते फार वेळ थांबत नाही. उष्ण हवेत त्याचा उपयोगी काळ आणखी कमी होतो, आणि खोल बादलीत ठेवल्यास ते स्वतःच्या उष्णतेने लवकर गोठते. म्हणून थोडे थोडे मिसळावे व लगेच पसरावे. आतल्या भिंतीपासून सुरुवात करून दाराकडे यावे. कडा ब्रशाने व मधला भाग रोलरने रंगवावा.

पहिला हात ओला असतानाच त्यावर धुतलेली, चाळलेली व कोरडी गारगोटीची रेती विरळ भुरभुरावी. ही सूचना किरकोळ समजू नये. चकचकीत एपॉक्सीवर पावसाळी पाऊल व थोडे तेल एकत्र आले तर खांद्यावर टोपली घेतलेला माणूस पडून हाड मोडून घेईल. दुसऱ्या दिवशी सुटी रेती झाडून, पृष्ठभागावर पांढुरका व चिकट थर आला असल्यास तो पाण्याने पुसून, वाळल्यावर दुसरा हात द्यावा. दोन हातांतील अंतर डब्यावर लिहिल्याप्रमाणे ठेवावे. एका दिवसानंतर माणसाने चालण्यास हरकत नाही. वाहन मात्र ७ दिवस बाहेर ठेवावे. घाईने आत आणलेल्या गाडीची तापलेली चाके कच्चा लेप उपटून काढतात.

सोडियम सिलिकेट द्यावयाचे असल्यास रीत याहून सोपी आहे. १ भाग सिलिकेट ४ भाग पाण्यात मिसळून स्वच्छ व कोरड्या दिसणाऱ्या कोब्यावर रुंद ब्रशाने पाजावे. वर साचलेले द्रव पुसून घ्यावे, नाहीतर पांढरे डाग पडतात. २४ तासांनी कोबा पाण्याने धुऊन, वाळवून दुसरा हात व त्याच रीतीने तिसरा हात द्यावा. विकत आणलेल्या द्रव्यावर वेगळे प्रमाण दिले असल्यास तेच पाळावे. अशा कोब्यावर पुढे कधी एपॉक्सी देण्याचे ठरल्यास पृष्ठभाग यंत्राने घासल्याशिवाय ती पकड घेत नाही.

घ्यावयाची दक्षता

एपॉक्सीची कच्ची द्रव्ये त्वचेस लागल्यास खाज व पुरळ उठते आणि एकदा ही बाधा जडली की पुढे थोड्या संपर्कानेही ती उलटते. हातमोजे अवश्य घालावेत. अंगास लागलेले द्रव्य थिनरने न पुसता साबण व पाण्याने धुवावे. थिनरची वाफ पेट घेते, यास्तव काम चालू असता दारे उघडी ठेवावीत आणि बिडी, स्टोव्ह व विजेची ठिणगी दूर ठेवावी. अ‍ॅसिडच्या बाटल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी, कुलपात ठेवाव्यात. रिकाम्या शीतपेयाच्या बाटलीत अ‍ॅसिड भरून ठेवण्याची रीत जिवावर बेतू शकते. कीटकनाशके खताच्या व धान्याच्या शेजारी न ठेवता स्वतंत्र कुलूपबंद कपाटात ठेवावीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

भाद्रपदात वाड्यांना भेटी देताना कार्यकर्त्यांनी प्लॅस्टिकचे तुकडे व चिकटपट्टी बरोबर ठेवावी आणि एखाद्या वाहनघरात ही परीक्षा शेतकऱ्यांच्या समक्ष करून दाखवावी. दुसऱ्या दिवशी तुकडा उचलताना त्याखाली दिसणारे पाण्याचे थेंब दहा व्याख्यानांपेक्षा अधिक पटवून देतात. परीक्षेचा दिनांक व निकाल घरमालकाच्या वहीत लिहून ठेवण्यास सांगावे. आश्विनात जोत्याभोवतीचे पाणी वाहून जाण्याचे चर मोकळे करून घ्यावेत. मार्गशीर्षात भेगा व डाग यांची दुरुस्ती उरकावी. पौष-माघात लेप द्यावा. आणि वैशाखात, पाऊस लागण्यापूर्वी, चाकांखालील जागा तपासून जेथे लेप झिजला असेल तेथे पुन्हा हात फिरवावा.

बी पेरण्यापूर्वी आपण जमिनीचा वाफसा पाहतो. वाफसा नसता पेरलेले बी कुजते, मग ते कितीही उत्तम जातीचे असो. कोब्यावरील लेपाचेही तसेच आहे. प्लॅस्टिकचे तीन तुकडे आणि एका दिवसाची वाट पाहणे, एवढ्या अल्प मोलात ज्याला आपल्या कोब्याची प्रकृती कळली, त्याचा लेपावरील खर्च वाया जाण्याचे भय राहत नाही. ज्याच्या कोब्यात ओल निघाली, त्यानेही खंत करू नये. महाग लेपाचे पैसे वाचले, आणि स्वस्त सिलिकेटने त्याचे काम होण्यासारखे आहे, हे त्याला वेळेवर समजले.